वासाचा फोटो जोडा

माझा आवाज तुम्ही कदाचित ऐकला असेल. तारापूरच्या एका केमिकल कंपनीला फोन लावून तुम्ही “साहेब आहेत का?” असं विचारलं असेल, आणि “साहेब मीटिंगमध्ये आहेत” असं गोड उत्तर मिळालं असेल, तर ती मी. साहेब मीटिंगमध्ये नसायचे. माझ्यासमोर उभे राहून समोसा खात असायचे आणि हाताने ‘नाही म्हणा, नाही म्हणा’ अशी खूण करत असायचे. पण मी ते इतक्या मनापासून सांगायची, की एकदा फोन ठेवल्यावर साहेबांनीच मला विचारलं, “कसली मीटिंग आहे हो आज?”

कंपनीचं नाव लिहीत नाही. बोईसरच्या माणसांना वासावरून कळेल आणि बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही.

मी टेलिफोन ऑपरेटर. उमरोळीहून कंपनीच्या बसने यायचं, डोक्याला हेडफोन लावायचा, बोर्डावर दिवा लागला की बटण दाबायचं, “नमस्कार” म्हणायचं आणि ज्याला जो हवा त्याला तो जोडून द्यायचा. माझ्या जावेने एकदा विचारलं होतं, “एवढंच काम?” हो बाई, एवढंच. पण कॉस्टिकवाल्या व्यापाऱ्याला जेवणाआधी पर्चेसला जोडायचं नाही, कारण तेव्हा आमचे पर्चेसवाले भुकेने कावलेले असतात आणि सौदा फिसकटतो. हेड ऑफिसचा फोन आला आणि समोरच्याने खाकरून घसा साफ केला, तर प्लांटच्या साहेबांना आधी सावध करायचं, मग जोडायचं. साहेबांच्या बायकोचा फोन ताबडतोब द्यायचा, मग साहेब मीटिंगमध्ये असोत नाहीतर खरोखरच मीटिंगमध्ये असोत. ही अक्कल कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. माणूस श्वास कसा घेतो यावरून मला तो कशासाठी फोन करतोय ते कळायचं. याचा मला गर्व होता, अजून आहे, लपवायचं काय त्यात?

आता कुंभवलीच्या फोनबद्दल सांगते, कारण सगळं पुराण तिथेच जाऊन पोचतं.

आमच्या जुन्या प्लांटची मागची भिंत आणि कुंभवलीतली पहिली घरं यांच्यामध्ये एक नाला आणि चार बाभळी. रसायनं जिथे शिजतात त्या रिॲक्टरमधून जी वाफ निघते ती एका उंच टाकीत पाण्याने धुतात आणि मग बाहेर सोडतात. त्या टाकीला स्क्रबर म्हणतात. स्क्रबरचा पंप बंद पडला की वाफ न धुता बाहेर पडते आणि वारा तिकडचा असेल तर थेट लोकांच्या चुलीपर्यंत जाते. आतल्या माणसांना ते बरेचदा कळतच नाही. दिवसभर त्यातच उभं राहून त्यांची नाकं मेलेली असतात. कळतं ते गावाला. मग गावातल्या वाण्याच्या दुकानातून माझ्या बोर्डावर फोन यायचा. मी विचारायची, “डोळे चुरचुरतात की मळमळतं?” मळमळत असेल तर ती शेजारच्या कंपनीची कृपा, त्यांच्या ऑपरेटरला कळवायचं. डोळे चुरचुरत असतील तर आमची. मी शिफ्टचे इनचार्ज यादवजी यांना सांगायची आणि ते पंपाकडे धावायचे. चहा निवेपर्यंत प्रकरण मिटायचं.

यात एक नियम होता. कुणी घालून दिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. मी नाव विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही. कारण भिंतीपलीकडच्या घरातली निम्मी माणसं भिंतीअलीकडे कंत्राटावर कामाला. बायकोने तक्रार केली की नवऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर “आज काम नाय” ऐकायला मिळणार. म्हणून फोन वाण्याचा, आणि ओळख आवाजाची.

त्यातल्या एका बाईचं नाव मात्र मला कळलं होतं. तिनेच सांगितलं, बऱ्याच वर्षांनी, अगदी हळू आवाजात. इथे तिला विमल म्हणते. तिची मुलगी सोनल दम्याची. वास आला की पोरीच्या छातीतून शिट्टी वाजायला लागायची, आणि विमल तिला दाराशी बसवून दुकानाकडे पळायची. “ताई, मी हाय,” एवढंच म्हणायची. मी म्हणायची, “सांगते, तू पोरीकडे जा.” कधी वास नसतानाही फोन करायची. वांगी किती महाग झालीत, सोनलला गणितात किती मिळाले, असलं काहीबाही. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. भिंतीच्या दोन बाजूंना दोघी.

मग महामारी आली.

आमची कंपनी म्हणजे कशी, तर माझ्या हेडफोनचा स्पंज फाटला तेव्हा मी अर्ज दिला, आणि त्या स्पंजासाठी तीन ठिकाणची कोटेशनं मागवली होती. तोपर्यंत मी जुन्या मोज्याचा तुकडा लावून काम केलं. कॉम्प्युटरवर हजेरी घ्यायची की नाही यावर आमच्याकडे इतकी वर्षं चर्चा चालली होती, की चर्चा सुरू करणारे साहेब निवृत्त होऊन त्यांचा मुलगा कामाला लागला. तीच कंपनी टाळेबंदीनंतर औषधाच्या मालाचं कारण दाखवून पुन्हा सुरू झाली, आणि पंधरवड्यात डिजिटल झाली! भूत अंगात यावं तशी. जिकडे बघावं तिकडे ॲप.

हे भूत अंगात घालायला मिहिर नावाचा एक तरणा मुलगा नेमला होता. तो आधी आम्हाला पडद्यावर दिसला, माणसात नंतर आला. वागायला चांगला, मला “सुलभाताई” म्हणायचा, मराठी छान बोलायचा. फक्त त्याला कुठलीही गोष्ट आहे तशी चालू राहिलेली बघवत नसे.

पहिली ऑनलाइन मीटिंग झाली तेव्हा आमचे प्लांट हेड रेगेसाहेब पालघरला घरी होते. पडद्यावर त्यांचा पंखा दिसत होता आणि खाली थोडंसं टक्कल. मुंबईच्या हेड ऑफिसला ऐकू जावं म्हणून ते ओरडून बोलत होते. उत्पादन, सुरक्षा, अमकं तमकं चाललं होतं, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, “अहो, दुधाची पिशवी साबणाने धुतलीत का तशीच फ्रिजमध्ये टाकलीत?” साहेब म्हणाले, “धुतली.” हेड ऑफिसच्या डायरेक्टरनी विचारलं, “काय धुतलं?” त्या दिवशी ठरलं, की मीटिंगमध्ये लोकांचे आवाज बंद-चालू करायला एक जबाबदार माणूस हवा. ती मी. आयुष्यभर लोकांना जोडून द्यायचा पगार घेतला, आता लोकांची तोंडं बंद करायचा घेऊ लागले. हुद्दा मात्र वाढला. ‘डिजिटल कोऑर्डिनेटर’.

गेटवर तर आणखी गंमत. आमच्याकडे जळाऊ रसायनं असतात, म्हणून मोबाइल आत न्यायला पहिल्यापासून सक्त मनाई. तसा लाल बोर्ड आहे. त्याच्याच शेजारी मिहिरने निळा बोर्ड लावला, ‘प्रत्येक विभागात पोचल्यावर मोबाइल ॲपवर हजेरी लावावी.’ वॉचमन बिचारा दोन्ही बोर्डांच्या मध्ये उभा राहून डोकं खाजवायचा. शेवटी तोडगा निघाला, की गेटबाहेरच हजेरी लावायची. पण ॲपला चेहरा दिसायला हवा आणि चेहऱ्यावर मास्क. यादवजी माझ्याकडे आले, तोंड एवढंसं करून. “मॅडम, मास्क उतारूँ तो फाइन, ना उतारूँ तो ॲबसेंट. बताइए, कौन सा सस्ता पड़ेगा?”

मी म्हटलं, मिहिरला विचारा. मिहिर म्हणाला, पुढच्या अपडेटमध्ये बघू.

त्या अपडेटमधून बाहेर पडलं ते तक्रारीचं ॲप. आजूबाजूच्या गावांशी आमचं नातं ‘पारदर्शक’ व्हावं म्हणून. मिहिरने मला मोठ्या उत्साहाने दाखवलं. नाव लिहा, मोबाइल नंबर लिहा, आलेला ओटीपी टाका, पत्ता लिहा. तक्रारीचा प्रकार निवडा. धूर, आवाज, वास. मी वास निवडला. खाली चौकोन आला, ‘फोटो जोडा.’ फोटो जोडल्याशिवाय पुढे जाताच येईना.

“कसला फोटो?” मी विचारलं.

“वासाचा. म्हणजे... सोर्सचा.”

“अरे, सोर्स भिंतीच्या आत आहे. बाया काय भिंतीवर चढून फोटो काढणार?”

“चांगला मुद्दा आहे,” असं म्हणून त्याने तो लिहून घेतला. मिहिर सगळे मुद्दे लिहून घ्यायचा. मी त्याला नावाचंही सांगितलं, की इथे कुणी नाव देणार नाही, नवऱ्यांची पोटं कंपनीवर आहेत. त्याने तेही लिहून घेतलं.

विमलने बहिणीच्या मोबाइलवर ते ॲप उघडून बघितलं. घरात दुसरा मोबाइल होता, पण त्यावर सोनलची शाळा भरायची. खोटं नाव टाकून तिने तक्रार घातली आणि नाकाला पदर लावलेला स्वतःचा फोटो जोडला. लगेच उत्तर आलं, ‘चेहरा स्पष्ट दिसत नाही.’ वाण्याच्या दुकानातून मला फोन करून हे सांगताना ती इतकी हसत होती की मलाही हसू आवरेना. “ताई, तुझं बरं हाय बाय,” ती म्हणाली. “तुला फोटू लागत नाय.”

आणि मग माझ्यावरच संक्रांत आली. मिहिर म्हणाला, “ताई, आता तुमचा टेलिफोनचा बोर्ड काढू. फोन आला की मशीन उचलेल. एक दाबा, दोन दाबा, बस. आणि आवाज तुमचाच हवा. तुमचा आवाज म्हणजे कंपनीची ओळख आहे.”

खोटं कशाला बोलू, मी फुगले. घरी जाऊन आरशासमोर सराव केला. स्टोअरमध्ये कापडी चिंध्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून रेकॉर्डिंग झालं, कारण तिथेच काय ती शांतता. “नमस्कार. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” मिहिरने ते दहा वेळा म्हणून घेतलं. महत्त्वाचा मधला ‘त्त्वा’ त्याला आणखी मायेने हवा होता. मध्येच मी विचारलं, “कुंभवलीच्या लोकांनी काय दाबायचं?”

“चार दाबायचं. मग ॲपची लिंक जाते.”

“वाण्याचा डबडा फोन आहे रे. लिंक कुठे जाणार, बरणीत? तिकडचा फोन आला तर थेट यादवजींकडे जाऊ दे.”

“फेज टूमध्ये करू,” तो म्हणाला.

रेगेसाहेबांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “सुलभाताई, तुम्ही जुन्या पद्धतीत अडकलात.” ज्या माणसाच्या मोबाइलची रिंग मी बदलून द्यायची, तो मला हे सांगत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बोर्ड निघाला. विमलला आधी कळवायचं, तर तिचा फोन येईल तेव्हा सांगू म्हणून मी वाट बघत होते, आणि बोर्ड निघाला तो ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दुपारीच. मी वाण्याला फोन केला. निर्बंधांमुळे त्याचं शटर अर्धं खाली आणि गिऱ्हाईक रांगेत. “हां हां, सांगतो,” म्हणाला तो. सांगितलं नाही. त्या दिवसांत माल कमी निघत होता, जुना प्लांट निम्मा बंद होता, वासही नव्हता. मला वाटलं, निभेल.

महिन्याच्या शेवटी मीटिंगमध्ये मिहिरने पडद्यावर हिरवा गोल दाखवला. गावाकडून आलेल्या तक्रारी, शून्य. टाळ्या झाल्या. रेगेसाहेबांनी केक कापला, आपापल्या घरी बसून सगळ्यांनी तो बघितला. मी माझा आवाज चालू केला आणि म्हटलं, “तक्रारी नाही संपल्या, साहेब. तक्रार करायची जागा संपलीय.” साहेब म्हणाले, “डेटा काय सांगतोय ते बघा, ताई.” आणि मला कळलं की माझा आवाज कुणीतरी बंद केलाय. ते बटण एकट्या माझ्याकडे असतं अशी माझी समजूत होती.

त्यानंतर आलं ऑडिट. परदेशातल्या एका कंपनीला आमच्याकडून माल घ्यायचा होता. पूर्वी अशी माणसं प्रत्यक्ष यायची. त्यांना हेल्मेट घालायचं, प्लांट फिरवायचा, चिंचणीच्या किनाऱ्यावर नेऊन कोळंबी खायला घालायची, की झालं ऑडिट. आता ते सगळं मोबाइलवर. मिहिर काठीला मोबाइल लावून प्लांटमधून फिरणार आणि पलीकडे त्यांची एक बाई बसून बघणार. मोबाइलला बंदी असलेल्या जागी मोबाइल नेण्याची खास परवानगी काढली. ज्या साहेबांनी बंदी घातली त्यांनीच सही केली.

दाखवायचा होता नवा प्लांट, रस्त्याकडचा. रंगवलेला, धुतलेला. पण महामारीमुळे माणसं निम्मीच, आणि पडद्यावर कंपनी भरलेली दिसायला हवी. म्हणून होती नव्हती ती सगळी माणसं कोरे गणवेश घालून, अंतर राखून, नव्या प्लांटमध्ये उभी केली. यादवजींच्या हातात मोठा दिवा दिला. साहेबांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. जुन्या प्लांटमध्ये रिॲक्टर चालू होता आणि पंपाजवळ कुणीही नव्हतं.

फिरून झाल्यावर मिहिर आणि रेगेसाहेब वर कॉन्फरन्स रूममध्ये आले. मी तिथेच कॉम्प्युटर सांभाळत होते. त्या बाईंनी विचारलं, शेजारच्या वस्तीच्या तक्रारी तुम्ही कशा हाताळता? रेगेसाहेबांची कळी खुलली. मिहिरने हिरवा गोल दाखवला. शून्य. आमची सेवा किती नम्र आहे, प्रत्येक फोन आम्ही कसा रेकॉर्ड करून ठेवतो, हे सांगितलं. आणि म्हणाला, हा बघा, अगदी आत्ता आलेला फोन ऐकवतो. बटण दाबलं.

खोलीत माझा आवाज आला. “नमस्कार. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.”

“ताई, मी हाय. वास आलाय गं. डोळं चुरचुरतंय.”

“विक्री विभागासाठी एक दाबा.”

“विक्री नाय गं, वास! सोनलला लय दम लागलाय. बंद कराया सांग बेगीन.”

“खरेदी विभागासाठी दोन दाबा.”

“ताई, मी हाय ना. आवाज वळखत नाय का माझा?”

“लेखा विभागासाठी तीन दाबा.”

“काय राग आलाय का कशाचा? माझं काय चुकलं असंल तर मागून बोल मला. आता सांग ना कुणाला तरी. पोरगी निळी पडाया लागली, ताई...”

“आजूबाजूच्या रहिवाशांच्या तक्रारींसाठी—”

आवाज तुटला. मिहिरने म्यूट केलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पडद्यावरची बाई हसून म्हणाली, तुमच्या ऑपरेटरचा आवाज फारच प्रेमळ आहे, भाषा कळली नाही तरी किती धीर वाटतो. रेगेसाहेबांनी तिचे आभार मानले.

मी खुर्ची ढकलून पळाले. जिना उतरले, आवार ओलांडलं, तर प्लांटच्या दारात वॉचमन आडवा. माझ्या हातात मोबाइल होता. “मॅडम, मोबाइल जमा. आणि टेंपरेचर—” त्याने ते ताप मोजायचं पिस्तूल माझ्या कपाळाला लावलं. मी त्याच्या हाताला असा हिसडा दिला की ते उडून कुंडीत पडलं. आत यादवजी अजून दिवा धरून उभे होते, ज्याच्यावर उजेड पाडायचा ते साहेब कधीच वर गेले होते, पण “हटाओ” असं कुणी सांगितलं नव्हतं. मी ओरडले, “यादवजी, स्क्रबर! कुंभवली!” त्यांनी दिवा तसाच टाकला आणि पळत सुटले. पंप ट्रिप होऊन आपोआप बंद पडला होता. तो चालू व्हायला फार वेळ लागला नाही. फक्त कुणीतरी तिथे जायला हवं होतं.

ऑडिटमध्ये आम्ही पास झालो.

संध्याकाळपर्यंत मी वाण्याला फोन लावत होते. शेवटी त्याने उचलला. सोनलला शेजारच्या रिक्षातून बोईसरला नेलं होतं. दम लागलेला बघून दवाखान्यात कुणी जवळ येईना. आधी कोरोनाची टेस्ट, मग हात लावू म्हणाले. पोरगी आईच्या मांडीवर, बाहेरच्या बाकावर, तोंड उघडून श्वास ओढत बसलेली. रिक्षावाल्याने आत जाऊन आरडाओरडा केला तेव्हा ऑक्सिजन लागला. जगली. आठवड्याने घरी आली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत तातडीची मीटिंग. मला वाटलं पंपाबद्दल असेल. विषय होता, फोनवरची ही बाई कोण? नंबर वाण्याचा, तो काही सांगत नव्हता. रेगेसाहेब मला म्हणाले, “ताई, तुम्ही तर श्वासावरून माणूस ओळखता. ही तुम्हाला ताई म्हणतेय. कोण आहे?”

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “सगळं गाव मला ताई म्हणतं. आवाज ओळखीचा वाटला नाही.” हे मी इतक्या मनापासून सांगितलं, की त्यांनी पुढे विचारलंच नाही. साहेबांना मीटिंगमध्ये बसवून बसवून हा हात साफ झाला होता, तो एकदा तरी सत्कारणी लागला.

मग उपाय काढण्यात आला. मेनूमध्ये आणखी एक पर्याय. ‘अत्यंत तातडीसाठी नऊ दाबा.’ आठांच्या मागून नववा. आणि तोही माझ्याच आवाजात हवा, नाहीतर एकसारखेपणा राहत नाही. मी म्हटलं, मी काही म्हणणार नाही, आणि आधीचं म्हटलेलंही पुसून टाका. ते म्हणाले, त्यावर तुमची सही आहे, आवाज आता कंपनीचा. मी म्हटलं, मग तो ठेवून घ्या, उरलेली बाई घरी चालली. निवृत्तीला थोडेच दिवस होते. राजीनामा ॲपवर द्यायचा होता. तिथे सोडण्याचं कारण निवडायला आठ कारणं होती, माझं त्यात नव्हतं. मी कागदावर लिहून दिला.

बसपाशी मिहिर आला. मास्क हनुवटीला अडकवलेला. म्हणाला, “ताई, मला सगळं कळत होतं ती काय बोलतेय ते. बोट आपोआप गेलं म्यूटवर.” मी बसमध्ये चढले. त्याने पुढे खटपट करून कुंभवलीचा फोन थेट यादवजींकडे जाईल असं करून घेतलं, साहेबांना न विचारता. हे मला यादवजींनी सांगितलं, म्हणून लिहिते. तेवढं त्या पोराचं नाव माझ्याकडे जमा आहे.

आणि मग मी कुंभवलीला गेले. एवढी वर्षं भिंतीच्या अलीकडे बसले, पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. वाण्याने घर दाखवलं. ओट्यावर एक बारकीशी बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. मला वाटत होतं विमल चांगली उंच, धिप्पाड असेल, आवाज तसा होता. दारात सोनल वही घेऊन बसली होती, गळ्याची हाडं वर आलेली. विमलने माझ्याकडे बघितलं, ओळख नव्हतीच. अंगणवाडीची नाहीतर सर्व्हेची बाई असेल असं समजून तिने पदर तोंडावर घेतला.

“विमल,” मी म्हटलं.

तिचा सुपातला हात थांबला. सोनलने वही मिटली आणि उठून आत गेली.

मी बोलायला लागले. काय बोलू, कुठून सुरू करू, काही ठरवलं नव्हतं, पण तोंड चालू झालं. ती मी नव्हते गं, मशीन होतं. बोर्ड काढला होता. वाण्याकडे निरोप ठेवला होता. कळलं तशी मी पळाले, पंप चालू करायला लावला, नोकरी सोडली. तुझं नाव कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याच्या कामाची काळजी करू नकोस. मी बोलत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत होता, गोड, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. विमल खाली बघून खडे वेचत होती. शेवटी माझ्याजवळचं सगळं संपलं.

मग ती म्हणाली, “झालं तुझं?”

“हो.”

“नाय, इचारलं. मधी बोललं तर तुला आयकू येत नाय.”

मी तिथेच ओट्यावर खाली बसले. तिने सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि त्या दिवशी दुकानातून फोन उचलल्यापासून काय काय झालं ते बोलायला लागली.